चुकीच्या उत्तराचा शोध

इयत्ता तिसरीच्या एका मुलाची वही तुमच्यापुढे उघडी आहे. ५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत आणि मुलाने ठळक, निःशंक अक्षरांत उत्तर लिहिले आहे: ३५. खरे उत्तर २५. तुमच्या हातात लाल शाईचे पेन आहे, आणि उजव्या हाताशी अजून तीस-पस्तीस वह्यांची चळत तपासावयाची राहिली आहे. फुली मारून पुढच्या वहीकडे वळण्यास क्षणभरही लागणार नाही.

तुम्ही लवकरच शिक्षक होणार आहात. अशा हजारो वह्या तुमच्या हातांखालून जातील. म्हणून आजच विचारून ठेवावयास हवे, की त्या मुलाने पस्तीसच का लिहिले? एकवीस का नाही, सत्तर का नाही? अंक मनाला येतील तसे लिहावयाचे असते, तर त्याने काहीही लिहिले असते. त्याच्या मनात काहीतरी रीत आहे. ती चुकीची असेल, पण ती रीत आहे. ती कोणती, हे शोधून काढण्याचे काम अध्यापक-शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी तुमच्यावर सोपविलेले असते. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर त्याचे नाव ‘संशोधन-प्रकल्प’ किंवा ‘कृतिसंशोधन’ असे लिहिलेले आढळते, आणि ते वाचून बहुतेक छात्राध्यापकांच्या पोटात गोळा उठतो.

तसा तो उठण्याचे कारण नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

या कामाची परंपरा

शेवटच्या वर्षीच हे काम का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर वेळापत्रकातच आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी किमान २० आठवडे राखून ठेवण्यात आले: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. म्हणजे शेवटच्या वर्षी तुम्ही एकाच शाळेत, एकाच वर्गासमोर, सलग कित्येक आठवडे उभे राहू शकता. चाळीस मिनिटांचा सरावपाठ देऊन निघून जाणाऱ्या पाहुण्याला जे दिसत नाही, ते इतक्या सहवासानंतर दिसू लागते. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा बी.एल.एड. अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्यातही शेवटच्या वर्षी शाळेतील आंतरवासिता आणि प्रकल्प यांना शेजारशेजारी जागा देण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

‘कृतिसंशोधन’ हा शब्द मात्र त्याहून जुना आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ सालच्या एका निबंधात ही कल्पना मांडली. परिस्थिती सुधारण्यासाठी काही करून पाहावे, त्याचा परिणाम तपासावा, आणि त्या अनुभवाने पुढचे पाऊल ठरवावे, असा तिचा आशय. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती शाळेच्या उंबरठ्याच्या आत आणली. शिक्षकाने आपल्याच वर्गाचा अभ्यास करावा, आणि तो आपलीच पद्धत सुधारण्यासाठी करावा, हे त्यांचे सांगणे होते.

परंतु आपल्या देशातील वाचकाला ही वृत्ती अगदीच नवी वाटू नये. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन चौथीचा एक वर्ग एक वर्षासाठी मागून घेतो, आणि आपल्या कल्पना त्या वर्गात पडताळून पाहतो. ती कथा कल्पित असली, तरी वृत्ती कृतिसंशोधकाचीच आहे. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. शहरातील बालवाडीचे महाग साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साहित्य घडवावयाचे आणि ते मुलांच्या हातात देऊन पाहावयाचे, हा त्यांचा मार्ग होता. शोधक बुद्धीला प्रयोगशाळेची इमारत लागतेच असे नाही, हे या मंडळींनी आपल्या कामातून दाखविले.

विषय लहान असू द्या

पहिली अडचण विषयनिवडीची. ‘ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ असे भारदस्त शीर्षक कागदावर शोभून दिसते, परंतु सोळा आठवड्यांत एका माणसाच्या हातून त्याचे काहीही होण्यासारखे नसते. असा विषय घेतला, की पुस्तकांतील उतारे जोडण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. उलट, ‘माझ्या वर्गातील काही मुले हातच्याच्या वजाबाकीत वारंवार का चुकतात, आणि काय केले असता ती चूक कमी होते?’ हा प्रश्न पाहा. त्याला वर्ग आहे, मुले आहेत, मोजता येण्याजोगी चूक आहे, आणि तुम्हाला करता येण्याजोगी कृती आहे. विषय पारखण्याची एक सोपी कसोटी सांगता येईल. तुमचा प्रश्न त्या वर्गाच्या शिक्षकांना वाचून दाखवा. ते ‘हो, हे तर माझ्याही वर्गात होते’ असे म्हणाले, तर विषय योग्य आहे असे समजावे.

आता हाच प्रश्न घेऊन आपण थोडे पुढे जाऊ. समजा, तुमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत आहे. मराठी माध्यमाची तिसरी, पटावर ३६ मुले. पहिल्या आठवड्यात तुम्ही वजाबाकीची दहा उदाहरणे दिली. त्यांपैकी पाच हातच्याची. बिनहातच्याची उदाहरणे जवळपास सर्वांना आली. परंतु १३ मुलांची हातच्याची तीन किंवा अधिक उदाहरणे चुकली. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे आकडे तुमच्या वर्गाने द्यावयाचे आहेत.)

येथे घाई करणारा छात्राध्यापक लिहून मोकळा होतो: ‘१३ मुले गणितात कच्ची आहेत. त्यांना अधिक सराव द्यावा.’ पण चुकीची रीत जशीच्या तशी ठेवून अधिक सराव दिला, तर मुलाच्या हाताला ती चूकच पक्की बसते.

एक उत्तर, दोन वाटा

त्या पस्तिसाकडे पुन्हा वळू. ५२ मधून २७ वजा करताना एक मूल म्हणते, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, राहिले तीन. पस्तीस.’ या मुलाला वजाबाकी म्हणजे नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक काढणे, एवढेच ठाऊक आहे. कोणता अंक वर आहे आणि कोणता खाली, याला त्याच्या लेखी अर्थ नाही.

दुसरे मूल म्हणते, ‘हातचा घेतला. बारातून सात गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस.’ या मुलाला हातचा घेणे समजले आहे. फक्त दशकाच्या घरातून एक उचलला म्हणजे तेथे पाचाचे चार राहतात, याचा त्याला विसर पडतो.

दोघांची उत्तरे एकच आहेत, आणि दोघांचे रोग वेगवेगळे आहेत. लाल फुली दोघांवर सारखीच पडते, परंतु एकाला जे औषध लागू पडेल, ते दुसऱ्याच्या उपयोगाचे नाही. मग यांना ओळखावे कसे? उदाहरण किंचित बदला. ५२ मधून २९ वजा करावयास सांगा. पहिले मूल नवातून दोन काढील आणि उत्तर लिहील ३७. दुसरे मूल बारातून नऊ काढील आणि लिहील ३३. खरे उत्तर २३. आता दोन्ही वाटा निरनिराळ्या दिसू लागल्या. चाचणीची उदाहरणे कशी निवडावी, याचा धडा या दोन ओळींत आहे. अंक सुचतील तसे घालू नयेत. कोणत्या चुकीतून कोणते उत्तर येईल, हे आधी स्वतः करून पाहावे, आणि निरनिराळ्या चुकांची उत्तरे निरनिराळी येतील अशीच उदाहरणे घ्यावी.

१९७८ साली अमेरिकेतील जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतील अशा चुकांचे पद्धतशीर वर्णन केले. मुलाची रीत सापडली, की ते पुढच्या उदाहरणात कोणते चुकीचे उत्तर लिहील हेही आधीच सांगता येते, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या हाताशी संगणक होता. तुमच्या हाताशी त्याहून चांगले साधन आहे: ते मूल तुमच्या शेजारी बसलेले आहे. त्याला विचारा, ‘बाळ, हे तू कसे केलेस ते मला सांगतोस का?’ विचारताना आवाजात दटावणी नको. ‘चूक कशी झाली?’ असे विचारले, तर मूल घाबरून गप्प बसेल. बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारीत जा, म्हणजे हा प्रश्न शिक्षेचा नव्हे हे मुलांच्या ध्यानात येईल. त्याचे शब्द, तो बोलला तसेच्या तसे, त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. तुमच्या प्रकल्पातील सर्वांत मौल्यवान पाने तीच असणार आहेत.

अशा विचारपुशीनंतर समजा तुम्हाला असे दिसले: १३ पैकी ८ मुले मोठ्यातून लहान अंक काढतात, ३ मुले हातचा घेऊन दशक कमी करावयास विसरतात, आणि उरलेली २ वजाबाकी बरोबर करतात, पण तोंडी सांगितलेली संख्याच उलटी लिहितात.

‘सत्तावीस’ कानांना कसे ऐकू येते?

ही शेवटची दोन मुले तुम्हाला भाषेच्या दारात आणून सोडतात. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी आणि सात नंतर. जे मूल कानांना ऐकू येईल त्या क्रमाने लिहिते, ते ७२ लिहिते. ‘एकोणतीस’ त्याहून अवघड. त्यात तीस ऐकू येतात, परंतु लिहावयाचे असतात २९. कारण ‘एकोण’ म्हणजे एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या अशा रीतीने पुढच्या दशकाचे नाव घेतात, आणि नव्याण्णव तेवढी या नियमाबाहेर राहते. आपल्याला हे सारे इतके सवयीचे झाले आहे, की यात काही अवघड असेल ही कल्पनाच मनाला शिवत नाही.

हिंदी आणि गुजराती या भाषांतही एकक आधी येतात. तेलुगू, कन्नड, तमिळ व मलयाळम या भाषांत दशक आधी येते. तेलुगूत २७ ला ‘इरवै एडु’, म्हणजे ‘वीस सात’ असे म्हणतात. सोलापूरच्या विणकर वस्तीत तेलुगू बोलणारी अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्या घरातील मूल आईच्या तोंडून ‘वीस सात’ अशा क्रमाने ऐकते आणि शाळेत ‘सत्तावीस’. त्याचा गोंधळ झाला, तर त्याला मंद म्हणावयाचे, की दोन भाषांचा भार डोक्यावर वाहणारे म्हणावयाचे? बेळगाव, हैदराबाद, इंदूर किंवा बडोदे येथील मराठी घरांतील मुलांच्या बाबतीतही शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असली, म्हणजे शिक्षकाला हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाला स्थान देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वादंग माजला, हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या समजणे सोपे जावे, ही त्यामागची दृष्टी असल्याचे सांगितले. विरोध करणाऱ्यांना भाषेचे वळण हरवेल अशी चिंता वाटली. या वादात कोणाचा पक्ष घ्यावा, हे येथे सांगावयाचे नाही. आपल्या वर्गातील किती मुलांची अडचण खरोखर या क्रमामुळे आहे, हे मोजून पाहणारा शिक्षक अशा वादात काही उपयुक्त भर घालू शकतो, एवढेच ध्यानात ठेवावे.

कृती आणि कसोटी

कारण सापडले, की कृती ठरविणे फारसे कठीण राहत नाही. ज्या ८ मुलांना संख्येचा अर्थच निसटला आहे, त्यांच्या हातात काड्या द्या. दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधलेले आणि काही काड्या सुट्या. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यांतून २७ काड्या मला दे, असे सांगितले की मूल थबकते. सुट्या तर दोनच आहेत. मग ते आपण होऊन एका गठ्ठ्याचे रबर सोडते. तो क्षण पाहावयास मिळाला, की त्या दिवसाचे सारे श्रम सार्थकी लागतात. ‘हातचा एक’ या शब्दांनी जो एक सांगितला जात होता, तो वस्तुतः दहाचा होता, हे मुलाच्या बोटांना प्रथम कळते आणि मग डोक्याला. विसरणाऱ्या ३ मुलांना दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी देऊन दुकान मांडू द्या. नोट मोडली की ती हातातून जाते, हे व्यवहारात कोणी विसरत नाही. संख्या उलट लिहिणाऱ्या दोघांना काही दिवस ऐकलेली संख्या आधी काड्यांनी मांडून मग लिहू द्या.

तीन आठवडे, रोज वीस मिनिटे, असा काहीसा बेत आखून तो वर्गशिक्षकांना दाखवा आणि मुख्याध्यापकांची अनुमती घ्या. नंतर उत्तरचाचणी. येथे काही पथ्ये पाळावीत. पूर्वचाचणीतीलच उदाहरणे पुन्हा देऊ नयेत; त्याच तऱ्हेची आणि तितकीच अवघड, पण नवी उदाहरणे घ्यावी. केवळ वर्गाची सरासरी सांगून थांबू नये, कारण जी २३ मुले आधीपासूनच हुशार होती त्यांनी सरासरी वर ओढली, तर १३ मुलांची दशा तिच्याखाली झाकली जाते. शेजारच्या तुकडीशी तुलना करावयाची असेल, तर त्या मुलांनाही तोच लाभ नंतर अवश्य द्यावा; प्रयोगासाठी कोणाला शिकण्यापासून वंचित ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि शक्य असेल तर तीन आठवड्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी. शिकविल्याच्या दुसऱ्या दिवशी जे येते, ते महिन्याने किती टिकते, यातच खरी परीक्षा असते.

मोहाचा क्षण

आता एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. प्रकल्प सादर करण्याची तारीख जवळ येते, पाठांचे टाचण, अहवाल आणि परीक्षा यांची एकच गर्दी उडते, आणि कोणीतरी हळूच सांगते की तयार प्रकल्प विकत मिळतो. नाव तेवढे बदलून बांधून घ्यावयाचे. कोणी सांगते, की आकडे थोडे ‘नीट’ करून टाक, पूर्वचाचणीत कमी आणि उत्तरचाचणीत जास्त, कोण पाहावयास येणार आहे?

खरोखरच कोणी येणार नाही. गुणपत्रिकेवर गुणही मिळतील. परंतु तुमच्या समोरच्या त्या १३ मुलांचे काय होईल, याचा विचार करा. ती चौथीत जातील, त्यांच्यापुढे भागाकार येईल, आणि भागाकाराच्या प्रत्येक पायरीवर वजाबाकी करावी लागते. तेथे ती अडखळतील आणि ‘हे मूल गणितात ढ आहे’ हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसेल. तुमच्या हातात ते थांबविण्याची संधी होती. नोकरी लागल्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असेल, हजेरीपत्रके असतील, शाळेबाहेरची कामे असतील. एका चुकीमागे तीन आठवडे जाण्याची मोकळीक पुन्हा मिळेलच, असे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून ही मोकळीक कागदांच्या विक्रेत्याला देऊन टाकू नका.

शिवाय खोटा आकडा लिहिण्याची गरजही नाही, हे समजून घ्या. समजा, शेवटी तुमच्या हाती असे आले: मोठ्यातून लहान काढणाऱ्या ८ मुलांपैकी ६ सुधारली, दशक विसरणारी तिन्ही सुधारली, संख्या उलट लिहिणाऱ्या दोघांत फरक पडला नाही. तीन आठवड्यांनी पाहावे, तो सुधारलेल्या ९ पैकी २ पुन्हा जुन्या वळणावर गेलेली. म्हणजे १३ पैकी ७ मुलांत सुधारणा टिकली. काही छात्राध्यापकांना असा निष्कर्ष लिहिताना संकोच वाटतो. वास्तविक हा उत्तम निष्कर्ष आहे. काड्यांचा उपाय कोणत्या चुकीवर चालतो, कोणत्या चुकीवर चालत नाही, आणि कोणाला तो पुन्हा द्यावा लागतो, हे सारे त्यात आले. ज्या अहवालात सर्वच मुले सुधारलेली असतात, तो वाचून पुढच्या शिक्षकाने काय शिकावे? उरलेल्या ६ मुलांविषयी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेला परिच्छेदच त्याला उपयोगी पडेल.

घरच्या मंडळींस

हे मासिक घरातील सर्वांच्या हाती जाते, म्हणून दोन शब्द वडीलधाऱ्यांसही. तुमची मुलगी किंवा सून रात्री उशिरापर्यंत मुलांच्या वह्या पसरून बसलेली दिसली, तर ‘मुलांना शिकवावयाचे सोडून हे कागद काय रंगवतेस?’ असे म्हणू नका. ती या वेळी शिकविण्याचेच काम करीत असते. शक्य असेल तर तिच्याशेजारी बसा आणि एखादी वही हाती घ्या. तिला विचारा, ‘या मुलाने असे का लिहिले असेल ग?’ आजोबांनी लहानपणी पाढे कसे पाठ केले, पावकी-निमकी कशी म्हटली, दुकानदार सुटे पैसे देताना वजाबाकी न करता वर मोजीत कसा जातो, या गोष्टी तिच्या उपयोगाच्या आहेत. २७ रुपयांच्या जिनसांना पन्नासाची नोट दिली, तर दुकानदार ‘सत्तावीस, तीस, आणि हे पन्नास’ असे म्हणत आधी तीन आणि मग वीस रुपये हातावर ठेवतो. हातचा कोठेही लागत नाही. वर्गातील एखाद्या मुलाला हीच रीत सोपी वाटण्याचा संभव आहे.

आणि आपल्या घरातील नातवंडाच्या वहीत लाल फुली दिसली, की हात उगारण्यापूर्वी तोच प्रश्न त्याला विचारून पाहा: ‘हे कसे केलेस, मला सांग बरे.’ संशोधन-प्रकल्पाचा आरंभ याच प्रश्नाने होतो, आणि तो विचारण्यास पदवी लागत नाही.

अहवाल लिहिताना

शेवटी अहवाल. त्याची भाषा साधी ठेवा. समस्या काय होती, ती तुम्हाला कशी दिसली, कारण काय असावे असे वाटले, काय केले, काय झाले, काय झाले नाही, पुन्हा करावयाचे झाल्यास काय बदलाल, एवढ्या प्रश्नांची क्रमाने उत्तरे दिली की अहवाल झाला. मुलांची खरी नावे त्यात घालू नका. ‘विद्यार्थी क्रमांक ४’ असे लिहा. चुकीचे उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे नाव कोठल्यातरी कपाटात कायमचे नोंदले जावे, असा त्याचा अपराध नाही. इतरांच्या ग्रंथांतून काही घेतले असेल, तर कोणाकडून घेतले ते स्वच्छपणे सांगा.

अहवालाची एक प्रत महाविद्यालयाकडे जाईल. दुसरी, चार पानांची का होईना, त्या शाळेच्या वर्गशिक्षकांना नेऊन द्या. वर्ग त्यांचा होता, मुले त्यांची होती. जे हाती आले त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. कोणत्या मुलाला अजून काड्यांची गरज आहे, हे त्यांना तोंडी सांगा. काड्यांचे गठ्ठेही तेथेच ठेवून या.

काही महिन्यांनी तुमच्या नावापुढे शिक्षक ही उपाधी लागेल. नव्या शाळेत, नव्या वर्गात, एखाद्या दुपारी पुन्हा एक वही उघडेल आणि तिच्यात ५२ मधून २७ वजा जाता ३५ उरलेले असतील. पेन उचलण्यापूर्वी तुम्ही थांबाल, त्या मुलाला जवळ बोलवाल, आणि त्याच्यापुढे दुसरे उदाहरण मांडाल: ५२ वजा २९. मूल उत्तर लिहीपर्यंत तुम्ही धीर धराल. तेवढा धीर अंगी आला असेल, तर तुमचा प्रकल्प खऱ्या अर्थाने पुरा झाला आहे.